उसवलेल्या शिलाईची रेघ

३ फेब्रुवारी

दादा,

साष्टांग नमस्कार घालावा तर दुकानात जमिनीवर अर्ध्या शाळेचे गणवेश पसरलेत, तेव्हा उभ्याउभ्याचाच गोड मानून घे. फोन तू उचलत नाहीस. पत्रं मात्र परत येत नाहीत, त्याअर्थी ती पोचत असावीत, असं मी अनुमान केलं आहे. संस्कृत पाठशाळेनं मला धुरावरून अग्नी ओळखायला शिकवलं. पोटापाण्याच्या उपयोगाचं दुसरं काही शिकवलं नाही, यावर तुझं आणि अण्णांचं कायम एकमत होतं. तुमच्यातलं ते एकमेव एकमत, म्हणून मी ते जपून ठेवलं आहे.

मुख्य बातमी अशी की शाळेनं माझा विषय बंद केला. वर्गाची खोली सायकली ठेवायला हवी होती. सायकलींना विभक्त्या शिकवता येईनात, म्हणून मी सध्या दुकानात असतो. काजं-बटणं हे खातं माझ्याकडे आहे. कात्रीला हात लावायची मला परवानगी नाही. "शास्त्री, तू बटणं मोज," असं अण्णा दिवसातून एकदा तरी म्हणतात, आणि मी मोजतो.

अण्णांना पोट आलंय. हसू नकोस. जन्मभर लाकडी पट्टीसारखा राहिलेला माणूस, त्यानं या वयात बाळसं धरलंय. हातपाय होते तसेच काटक, फक्त बेंबीखाली गोल. दर थोड्या दिवसांनी पँट पाठीमागून उसवायची, आतली माया सोडायची, पुन्हा टीप मारायची, असं चाललंय. शिवणकामात कापडाच्या शिलकीला माया म्हणतात हे मला लहानपणी फार आवडायचं. आता ती संपत आली आहे. तुला ठाऊकच आहे, शिलाई पुढे सरकली तरी जुन्या टाक्यांची भोकं मागे राहतात आणि कितीही इस्त्री फिरवा, ती रेघ जात नाही. अण्णांच्या एका पँटीवर आता अशा तीन रेघा आहेत. हवालदाराच्या बाहीवर असतात तशा. मी म्हटलं, "अण्णा, बढती मिळतेय तुम्हाला." ते म्हणाले, "बटणं मोज."

नवी शिवायला तयार नाहीत. माप कोण घेणार? दुकानातल्या माणसाचं माप पुढच्या कटरनंच घ्यायचं, हा आजोबांचा नियम. आजोबांचं अण्णांनी घेतलं, अण्णांचं तू घेत होतास. तुझी टेप तू टाकून गेलास त्याच खिळ्यावर आहे. तिला कोणी हात लावत नाही, मी धूळसुद्धा फुंकून उडवतो. "माणसं मापायची सोडून हा आता साइजा मापणार," हे तू कपड्यांच्या कारखान्यात गेलास त्यावरचं अण्णांचं भाष्य अजूनही अधूनमधून होत असतं. कोणी आटलेला रेडीमेड सदरा दुरुस्तीला आणला की हमखास.

आजोबांचा दुसरा नियमही कडक चालू आहे. कापडाला कात्री लागली की शेवटचा तुकडा सुटेपर्यंत टेबल सोडायचं नाही. तहान, लघवी, आलागेला, सगळं नंतर. म्हणून अण्णा दुपारपर्यंत पाणीच पीत नाहीत, आणि कात्री धरण्याआधी तीनतीनदा बाथरूमला जाऊन येतात. आत बराच वेळ नळ सोडून उभे असतात. बाहेर येतात तेव्हा चेहरा एखाद्या कचेरीतून काम न होता परतलेल्या माणसासारखा. हीसुद्धा बढतीचीच लक्षणं, असं मी म्हटलं नाही. आधीच बटणं फार मोजून झाली होती.

तुझा,
शास्त्री


२२ फेब्रुवारी

दादा,

मागच्या पत्राचं उत्तर आलं नाही, त्याबद्दल आभार. नियमितपणा हा गुणच आहे.

घरात एक चोरी झाली. कटिंगच्या टेबलाखाली गुंडाळून ठेवलेलं मेणकापड गेलं. मी दुकान पालथं घातलं, अण्णा म्हणाले, "उंदरांनी नेलं असेल." दोन वार मेणकापड नेणारे उंदीर असतील तर त्यांना पगारावर ठेवावं, असं मी सुचवलं. आज हिनं अण्णांची गादी उन्हात टाकायला उचलली. मेणकापड तिथं होतं, चादरीखाली, चारी बाजूंनी नीट दुमडून टाचलेलं. टाके अण्णांचेच. दुसऱ्या कोणाला इतके सारखे येत नाहीत.

गेले काही दिवस अण्णा आमच्या आधी उठून स्वतःची चादर स्वतः धुतात. हिनं विचारलं तर म्हणाले, "घाम येतो. पंखा जुना झालाय." आज हिनं मेणकापड पुसून जागच्या जागी ठेवलं, चादर पुन्हा होती तशी घातली आणि मला म्हणाली, "तुम्ही यावर काही बोलायचं नाही. विनोद तर नाहीच नाही." म्हणून मी तुझ्याशी बोलतो आहे. तू उत्तर देत नाहीस हे अशा वेळी सोयीचं पडतं.

जेवणाची चव गेली आहे. चहा लोखंडी लागतो म्हणतात. मी भांडं बदलून पाहिलं. अंगाला खाज सुटते, पाठीला लाकडी पट्टी घालून खाजवत बसतात. दुपारी गिऱ्हाईक समोर असताना एकदा डुलकी लागली. अण्णांना! हातात खडू होता, तो गिऱ्हाइकाच्या खांद्यावरच टेकला. संध्याकाळी मोजे काढले की घोट्यावर खोल वळ असतो. मी म्हटलं, मोज्यांचं इलॅस्टिक घट्ट आहे. त्यांनी सगळ्या मोज्यांचं इलॅस्टिक कापून काढलं.

आम्ही शिंपी माणसं. काही घट्ट झालं की सैल करतो.

पाठ धरते त्यांची. बरगडीच्या खाली, मागच्या बाजूला, दोन्हीकडे. पण पाठ आपल्या घराण्यात कोणाची धरत नाही? आजोबा म्हणायचे, कटरची पाठ दुखली नाही तर त्यानं दिवसभर केलं काय? तेव्हा ते मी आजारात धरत नाही. तुझी धरते का रे?

शास्त्री


४ मार्च

दादा,

आज दुकानात जे घडलं ते घडलं त्याच क्रमानं सांगतो, कारण मला स्वतःला ते अजून नीट लावता आलेलं नाही.

लहान मुलांची डॉक्टरीण आठवते? तुला डॉक्टरीण म्हणून आठवणार नाही. पुढचे दात पडलेली, पहिलीचा गणवेश घालून बघताना टेबलाखाली जाऊन बसायची ती. ती आता दवाखान्यात पांढरा कोट घालते आणि तो अण्णांकडूनच शिवून घेते. आज कोटाची तब्येत बघायला आली. कापड टेबलावर होतं, खडूच्या खुणा झाल्या होत्या आणि कात्री नुकतीच लागली होती.

कोटाकडे तिचं लक्ष नव्हतं. अण्णांच्या पायांकडे बघत होती.

"मास्तर, चप्पल काढा बघू."

"कोटाचं माप पायापासून घेतात होय हल्ली?"

तिनं खाली बसून नडगीवर अंगठा दाबला आणि काढला. खड्डा तसाच राहिला, कणकेत राहावा तसा.

"रात्री किती वेळा उठावं लागतं?"

"झोप लागली तर उठीन ना."

"धार कशी आहे?"

"परवाच लावून आणली."

"मास्तर, कात्रीची नाही विचारत मी."

अण्णांनी खडू पुसला, पुन्हा धरला. मग म्हणाले, "थेंब थेंब. झाल्यावर वाटतं, झालीच नाही."

"पाठीत दुखतं? इथे, बरगडीखाली?"

"उभा जन्म वाकून काढलाय पोरी. दुखणार नाही तर काय गुदगुल्या होणार?"

"आणि नकळत, झोपेत..."

अण्णांनी माझ्याकडे बघितलं. "शास्त्री, बाहेरची पाटी पुसून ये."

मी पाटी पुसत राहिलो. आपल्या दुकानाची पाटी इतकी स्वच्छ कधीच झाली नव्हती. काचेतून दिसत होतं. ते बोलत होते, मान खाली घालून. मग तिनं त्यांना स्टुलावर टेकवलं, सदरा वर केला आणि पोटावर हात ठेवला. आधी सपाट, मग दोन बोटांनी ठोकलं, टरबूज बघतात तसं. ती हसत नव्हती.

मी आत आलो तेव्हा म्हणाली, "काका, हे पोट चरबीचं नाही. लघवी साठलीय. आत तुंबून राहिलीय, आणि जे थेंब पडताहेत ते नुसतं ओसंडतंय. किती महिन्यांचं आहे कोणास ठाऊक. वर मूत्रपिंडांवर दाब गेला असणार. सूज आहे, भूक नाही, ग्लानी येते, ही लक्षणं तिकडचीच. आत्ताच्या आत्ता मोठ्या हॉस्पिटलात जायचं. सोनोग्राफी आजच."

"दुखत तर नाही फारसं," अण्णा म्हणाले.

"तेच वाईट आहे. एकदम अडलं असतं तर ओरडत आला असता. हळूहळू अडतं तेव्हा माणसाला सवय होते."

"बरं. एवढा कोट सुटला की जाऊ. कात्री लागलीय."

"कोट माझा आहे ना? मी सांगते, उठा."

"गिऱ्हाइकानं सांगून कात्री थांबत नसते."

तेव्हा तिनं काय केलं ठाऊक आहे? टेबलावरचं कापड दोन्ही हातांनी गोळा केलं, अर्धा कापलेला पुढचा भाग, खडूच्या खुणा, टाचण्या, सगळ्यासकट, आणि काखेत मारून दुकानाबाहेर जाऊन उभी राहिली. अण्णांच्या हातात कात्री आणि समोर रिकामं टेबल. आजोबांच्या नियमात या प्रसंगासाठी काही तरतूद नव्हती.

"लहानपणी टेबलाखाली बसायची," अण्णा म्हणाले, "तेव्हाच ओळखायला हवं होतं." आणि उठले.

आत्ता हॉस्पिटलच्या बाकावर बसून लिहितो आहे. आत घेतलंय त्यांना.


७ मार्च

दादा,

नळी घातली. पिशवी भरली, रिकामी केली, पुन्हा भरली. नर्स मोजून लिहीत होती, मी आकड्याकडे बघितलं नाही. माणसाच्या आत एवढं मावतं आणि तो त्यावर कंबरपट्टा आवळून गिऱ्हाइकांचे खांदे मापत फिरतो! संध्याकाळपर्यंत अण्णांचं पोट गेलं. बाथरूमपर्यंत चालवत नेलं तर पँट घसरून गुडघ्यावर. "शास्त्री, आवळ," म्हणाले, "दुकानाचं नाव जाईल."

सोनोग्राफीच्या पडद्यावर मला दोन काळी तळी दिसली. ती आपल्या वडिलांची मूत्रपिंडं. मूत्राशयाच्या तोंडाशी प्रोस्टेटची गाठ वाढून वाट दाबली गेली होती. खालचं दार बंद, म्हणून वर वर तुंबत गेलं, नळ्या फुगल्या आणि मूत्रपिंडं सुजून पिशव्या झाली. हळूहळू, दुखूखुपू न देता. डावं आता नावापुरतं आहे, त्याची भिंत झिजून अस्तराएवढी उरलीय. उजव्यात थोडं काम चालतं. दाब निघाल्यावर ते किती सावरतं ते बघायचं, म्हणाले.

डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून विचारलं, कधीपासून? आणि मग एकेक विचारत गेले. वारंवार जाणं? नळ सोडून उभं राहणं? रात्री अंथरूण? खालचं पोट वाढलेलं? घोट्यांना सूज? चव गेलेली, खाज, दिवसा झोप? दादा, ते माझी तुला पाठवलेली दोन पत्रंच वाचून दाखवत होते, फक्त विनोद गाळून. प्रत्येकाला मी हो म्हणालो.

"आणि कपडे घट्ट होत होते?"

"होत होते."

"मग काय केलंत?"

"सैल केले," मी म्हणालो.

हिनं घरून त्यांच्या पँटी आणल्या, धुवायला आतून उलट्या केल्या. पुढच्या बाजूला, आत, अस्तर लावलेलं होतं. तिपदरी. मध्ये टॉवेलचं कापड, वर मऊ सुती, कडेनं नाजूक धावदोरा. बाहेरून तुला-मलासुद्धा कळलं नसतं. प्रत्येक पँटीला. हे काम त्यांनी कधी केलं, कोणास ठाऊक. माझ्यासमोर तर ते गणवेशच शिवत होते. ही पँट हातात धरून उभी राहिली आणि म्हणाली, "किती सुरेख केलंय हो." मग तिला रडू आलं.

तुझं नाव अण्णांनी काढलेलं नाही. तुला बरं वाटावं म्हणून खोटं लिहिणार नाही. मात्र नर्सनं विचारलं, मुलं किती? तर म्हणाले, "दोन. एक हा. एक कटर."

ये.

शास्त्री


२१ मार्च

दादा,

घरी आणलंय. नळी आणि पिशवी सोबत. पिशवी लोकांना दिसू नये म्हणून अण्णांनी पँटीच्या पायात आतून खिसा शिवला, निळ्या खणाचा, वर झाकण आणि एक बटण. बटणाला काज करायचं काम मला दिलं. पहिल्यांदाच. वाकडं आलं. "राहू दे," म्हणाले, "पिशवीला काय कळतंय."

उजवं सावरत नाही. रक्ताचे आकडे उतरले, मग थांबले आणि आता पुन्हा चढताहेत. डॉक्टर म्हणतात, डायलिसिस सुरू करा. आठवड्यातून तीनदा मशीनला जोडायचं. अण्णा नको म्हणतात. का, ते सांगत नाहीत. मी म्हटलं, अहो मशीनच ना, जन्मभर मशीनवरच बसलात. तर म्हणाले, "त्या मशीनवर मी बसलो होतो. हे मशीन माझ्यावर बसणार." तू असतास तर भांडला असतास. मला भांडता येत नाही, मला फक्त प्रतिवाद करता येतो.

आता खरं कारण, ज्यासाठी हे पत्र. सगळ्या पँटी ढगळ झाल्या. काल अण्णा म्हणाले, "एक नवी हवी."

म्हटलं, "शिवा की."

"हात थरथरतो. कात्री धरवत नाही." खिडकीबाहेर बघत होते. मग म्हणाले, "त्याला माप कळव."

"कोणाला?"

"घरात कटर किती आहेत आपले?"

मी कागद घेऊन बसलो. तर म्हणाले, "नुसता काय बसतोस, टेप घे." मी माझी टेप घेतली. "ती नव्हे," म्हणाले. म्हणून मी खिळ्यावरची तुझी टेप काढली. नियम मोडला की पाळला, ते तू ठरव. अण्णा भिंतीला धरून उभे राहिले आणि मी आयुष्यात पहिल्यांदा त्यांचं माप घेतलं. कसं घ्यायचं ते तेच सांगत होते. "कंबर बोट सोडून. बोट सोडून म्हणजे एक, पाच नाही. श्वास सोडल्यावर घे, म्हातारा माणूस आत ओढून धरतो, लाजेनं." वेगळ्या कागदावर सगळी मापं त्यांनी सांगितली तशीच लिहून जोडली आहेत. डावा पाय अर्धा इंच आखूड, हे तुला माहीत आहेच म्हणाले. पिशवीसाठी डाव्या मांडीला घेर जास्त ठेव. शेवटी म्हणाले, "लिही. माया ठेवू नको. कापड फुकट जाईल. आता काही वाढायचं नाही."

मी ते लिहिलं आहे, कारण मी लेखनिक आहे.

शास्त्री


९ एप्रिल

दादा,

पार्सल आलं. आत चिठ्ठी नव्हती. खोकं उलटसुलट करून बघितलं, पुठ्ठ्याच्या घड्यासुद्धा. तू आमच्याच घराण्यातला, यात शंका उरली नाही.

अण्णांनी पँट हातात घेतली. तुला ठाऊक आहे ते काय करणार. सरळ बघितलीच नाही. आधी उलटी केली, आतून बघितली, खिडकीशी नेऊन. कमरपट्टी चाचपली. काजं बघितली, माझ्याकडे बघितलं, पुन्हा काजं बघितली. म्हणाले, "कारखान्यात जाऊन हात बिघडला नाही." मग पाठीमागची शिलाई उलगडून बोट घातलं आणि थांबले.

"माया ठेवू नको म्हटलं होतं."

"लिहिलं होतं मी."

"किती ठेवलीय बघ. अडीच बोटं! लग्नाच्या मुलाला नाही ठेवत कोणी एवढी." बोट तिथंच होतं. "याला वाटतं मी अजून जाडा होणार."

ही दारात उभी होती. म्हणाली, "वाटू दे की त्यांना."

अण्णांनी पँटीची घडी घातली, परत उलगडली, परत घातली. संध्याकाळी चहा अर्धा प्यायले आणि कप ठेवताना म्हणाले, "शास्त्री, त्या मशीनवाल्यांना सांग. उद्यापासून. एवढं कापड घातलंय त्यानं."

आज पहिल्यांदा नेलं. ती पँट घालून. चार तास पडून होते. मधे मला म्हणाले, "पुढच्या वेळी मशीनशेजारची खुर्ची बदलायला सांग, तू फार वाकून बसतोस." घरी येताना थंडी वाजून आली. नळीमुळे ताप येतो कधीकधी, असं नर्स म्हणाली. उद्या रक्त तपासणार आहेत.

तुला दोन शब्द लिहायचे असतील तर आता लिही. नाही तर फोन उचल. मी काही बोलणार नाही, नुसता त्यांच्या कानाला लावीन.

शास्त्री


१२ मे

दादा,

तू गेल्यापासून घर मोठं झालं आहे. हे मी तक्रार म्हणून लिहीत नाही.

तू आलास तेव्हा सगळं उरकून एक दिवस झाला होता. ताप रक्तात गेला आणि मग फार वेळ लागला नाही. तुझ्या कारखान्याच्या फोनवर निरोप द्यायला मला उशीर झाला की तुला निघायला, याचा हिशोब आपण दोघांनीही केला नाही, हे बरं केलं. तू विचारलंस, शेवटी काही म्हणाले का? मी नाही म्हणालो. ते खरं होतं, शेवटी ग्लानीतच होते. पण आदल्या दुपारी त्यांनी मला ब्लेड मागितलं होतं. कशाला? तर म्हणे शिलाई उसवायला. मी म्हटलं, अण्णा, पँट ढगळ आहे, उसवायची गरज नाही. म्हणाले, "मग असू दे. माया तशीच असू दे." त्यांना त्याच पँटीत नेलं. ती माया कोणी सोडली नाही. हे तुझ्यासमोर सांगायला माझ्याच्यानं झालं नाही, म्हणून कागदावर.

आता दुसरं. यासाठी तू माझ्यावर रागावशील, तर रागाव. मला तुझ्या न बोलण्याची सवय आहे.

तू आठवडाभर इथं होतास. रोज सकाळी मी दाराबाहेर टॉवेल घेऊन उभा असायचो आणि आत नळ चालू असायचा. फार वेळ. बाहेर यायचास तेव्हा चेहरा ओळखीचा होता. जेवताना पाणी घेत नव्हतास. ही वाढायला आली की पेल्यावर हात ठेवायचास. संध्याकाळी अण्णांच्या टेबलाशी उभा राहून दोन्ही हात कंबरेवर, बरगडीच्या खाली, अंगठे मागे रोवून दाबत होतास. मी म्हटलं, पाठ? तू म्हणालास, "कटरची दुखणारच." आजोबांचं वाक्य, जसंच्या तसं. आपल्या घरात संस्कृतपेक्षा हेच जास्त पाठ आहे सगळ्यांना.

आणि निघायच्या दिवशी तू बॅग उचलायला वाकलास. सदरा वर गेला. तुझ्या पँटीच्या पाठीमागे, मधल्या शिलाईशेजारी, रेघ होती. जुन्या टाक्यांची. इस्त्रीनं न गेलेली.

दादा, मी बटणं मोजणारा माणूस. पण ही रेघ आता मी अंधारातसुद्धा ओळखतो.

तू निघालास त्याच दिवशी मी डॉक्टरणीला विचारलं. ती म्हणाली, वडिलांना हा त्रास असेल तर मुलांनी वेळेत दाखवावं. सुरुवातीला कळलं तर नुसत्या गोळ्यांवरसुद्धा भागतं, दाब वर जाण्याआधी वाट मोकळी करता येते, मूत्रपिंडं वाचतात. वाचतात, हा शब्द तिनं दोनदा उच्चारला. मीही जाऊन आलो. माझी दोन्ही शास्त्राला धरून आहेत. पोटावर थंडगार जेल लावतात आणि एक मुलगी पडद्याकडे बघत जांभई देते, एवढंच होतं. तिची जांभई बघून मला किती बरं वाटलं म्हणून सांगू! तुझ्या वेळीही तिथल्या मुलीनं जांभई द्यावी, एवढी माझी इच्छा आहे. नाहीच दिली, तरी निदान कळेल.

तुमच्या कारखान्यात एका वेळी शंभर थर कापतात म्हणे. तेव्हा हे पत्र पोचेल त्या क्षणी तुझ्या हाताखाली नक्कीच काहीतरी अर्धवट कापलेलं असणार. ते तसंच टाक. कात्री लागली असली तरी ऊठ. आजोबा, अण्णा आणि त्यांचे नियम, तिघांशी मी प्रतिवाद करून घेईन. पाठशाळेनं मला तेवढ्यासाठीच तयार केलंय. तू उठला नाहीस तर मी येईन आणि टेबलावरचं कापड काखेत मारून तुझ्या कारखान्याच्या दाराबाहेर उभा राहीन. कसं उचलायचं ते मी बघून ठेवलंय.

कोट डॉक्टरणीनं परत आणून दिला आहे. अर्धा कापलेला. दुसऱ्या कोणाकडे देणार नाही म्हणते. घडी करून टेबलावर ठेवलाय, खडूच्या खुणा अजून दिसतात.

तुझी टेप मी पुन्हा खिळ्यावर लावली आहे. पाठवत नाही. माझ्या पँटीचा पार्श्वभाग बटणं मोजून मोजून झिजला आहे, नवी शिवायला झाली आहे, आणि दुकानातल्या माणसाचं माप कोणी घ्यायचं ते तुला ठाऊक आहे. रिपोर्ट घेऊन ये. मी श्वास सोडून उभा राहीन.

तुझा,
शास्त्री